मी बसले की चौथा गिअर सुटायचा

आमच्या गाडीचा चौथा गिअर फक्त मी गाडीत बसले की सुटतो, असा निष्कर्ष आमच्या ह्यांनी एका सकाळी चहा पिता पिता जाहीर केला. आवाजात राग नव्हता. नोकरीत असताना कालव्याचं कुठलं दार गळतं हे ते साहेबांना ज्या शांतपणे सांगत असतील, त्याच शांतपणे त्यांनी हेही सांगितलं.

"तू बसली की सुटते. मी एकटा राहिलो की नाही सुटत. आता याले का म्हणायचं?"

"योगायोग म्हणा," मी म्हटलं.

"एकदा झाला तं योगायोग. दरवेळी कायले होईल?"

आम्ही अर्जुनी मोरगावला राहतो. हे पाटबंधारे खात्यात होते आणि मी आसपासच्या खेड्यांतल्या उपकेंद्रांत नर्स. दोघंही निवृत्त झाल्यावर आम्ही एक जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली. चार गिअरची. ह्यांनी गाडी चालवणं उतारवयात शिकून घेतलं आणि उतारवयात शिकलेल्या गोष्टीवर माणूस करतो तसं तिच्यावर फार मन लावून प्रेम केलं. रोज सकाळी फडकं घेऊन पुसायचे. काचेवर पाखराची शीट दिसली की आधी झाडाकडे आणि मग माझ्याकडे बघायचे, कारण ते जांभळाचं झाड मी लावलेलं होतं.

गिअर पहिल्यांदा सुटला तेव्हा आम्ही देवरीला माझ्या धाकट्या बहिणीकडे निघालो होतो. जंगलातून जाणाऱ्या रस्त्याला एक लांब चढ आहे, जाताना एका बाजूने आणि येताना दुसऱ्या. त्या चढाच्या मध्यावर गाडी जरा थरथरली, मधली दांडी 'टक्' करून आपणहून पुढे सरकली आणि इंजिन असं किंचाळलं की रस्त्याच्या कडेची माकडं झाडावर चढली. गाडी पुढे जाईना, नुसता आवाज. ह्यांनी आधी दांडीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"हात लागला काय तुझा?"

माझे दोन्ही हात मांडीवरच्या डब्यावर होते. डब्यात बहिणीसाठी अनारसे होते आणि ते मोडू नयेत म्हणून मी तो लहान बाळासारखा धरला होता. मी हात वर करून दाखवले. त्यांनी गिअर पुन्हा टाकला, आम्ही पुढे निघालो आणि चढाच्या शेवटी तो पुन्हा सुटला. येताना पुन्हा.

नंतर हे एकटे गाडी घेऊन कुठे कुठे जाऊन आले. नवेगावच्या तलावाकडे जुन्या सोबत्यांना भेटायला गेले, शेतावर गेले, एकदा तर काही काम नसताना नुसते देवरीच्या त्याच चढापर्यंत जाऊन परत आले. गिअर जागचा हलला नाही. पुढच्या आठवड्यात मी बसले आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच्या रस्त्याला, चढताना टक्. मग तो सकाळचा चहा आणि तो निष्कर्ष.

आमच्या गावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गॅरेज आहे. तिथला मिस्त्री मला चांगला ओळखतो, कारण त्याच्या दोन्ही पोरांना लशी मीच टोचल्या होत्या. अजूनही मी समोर आले की तो नकळत दंडावर हात नेतो. ह्यांनी गाडी त्याच्याकडे नेली तेव्हा मीही सोबत होते, म्हणजे आरोपी हजर होता.

मिस्त्रीने एकट्याने गाडी चक्कर मारून आणली. मग ह्यांना शेजारी बसवून दुसरी चक्कर मारली. येऊन म्हणाला, "साहेब, गाडी तं मस्त चालून राहिली. गिअर लोण्यावानी पडून राहिला."

हे त्याच्या कानाशी वाकले. पण कालव्यावर ओरडून बोलायची सवय असलेल्या माणसाची कुजबुज पलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेली. "बाई बसली की होते."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, दंडावर हात नेला आणि फार गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सिस्टरचं वजन का असन जी?"

हे वाक्य माझ्यासमोर, भर रस्त्यावर, पानठेल्यावरच्या चार लोकांच्या देखत उच्चारलं गेलं. मी काही बोलायच्या आत ह्यांनी आकडाही सांगून टाकला आणि तो चांगला वाढवून सांगितला.

"मंग एका साईडले लोड येत असन," मिस्त्री म्हणाला. "ट्राय करून पाहू. समोरच्या सीटवर तेवढ्याच वजनाचं पोतं ठेवा आणि चालवा."

दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर धानाचं पोतं बसलं. ह्यांनी त्याला सीटबेल्टसुद्धा लावला. मी दारात उभी राहून पाहत होते. पोतं जरा पुढे झुकल्यासारखं झालं तर ह्यांनी हात लावून त्याला नीट टेकवलं. मला गाडीत बसताना त्यांनी कधी असं टेकवलेलं नाही. गाडी गल्लीतून गेली आणि समोरच्या घरातली बाई तारेवरचे कपडे काढता काढता थांबली. संध्याकाळी ती विचारायला आली, "बाई, तुमच्याकडे कोणी पाहुणे आले काय? साहेबासंग समोर बसले होते. जरा जाडे होते."

हे परत आले ते खुशीत. तलावाच्या पाळीवर गेले, जंगलातल्या चढावर गेले, दोनदा वर आणि दोनदा खाली. गिअर एकदाही सुटला नव्हता.

"झालं मग," मी म्हटलं. "माझ्या वजनाचा दोष नाही."

"नाही," ते म्हणाले. "वजनाचा नाही." आणि माझ्याकडे असे पाहत राहिले की पोत्याने माझी बाजू मांडायच्या ऐवजी केस आणखी बिघडवली आहे, हे माझ्या लक्षात आलं. वजन माझं नाही म्हणजे दुसरं काहीतरी माझंच.

पुढचे काही दिवस मी काय काय सोसलं ते सांगते. आधी संशय पदरावर आला. पदर दांडीत अडकत असेल म्हणून मी पदर खोचून, वर पिना लावून बसले. गिअर सुटला. मग मोबाईलवर आला. मी तो बंद केला, शेवटी घरीच ठेवला. सुटला. मग मला मागच्या सीटवर बसवण्यात आलं. समोरची सीट रिकामी, हे एकटे समोर आणि मी मागे, असे आम्ही बाजारात गेलो. तिथे उतरल्यावर ह्यांच्या एका ओळखीच्या माणसाने ह्यांना विचारलं, "का भाऊ, टॅक्सी सुरू केली काय?" तो दिवस त्यांना फार लागला. त्यातून मी मागे बसूनही तलावाच्या पाळीवर गिअर सुटला तो सुटलाच. म्हणजे मी गाडीत कुठेही बसले तरी चालत नव्हतं. डिकीत बसून पाहायचं तेवढं उरलं होतं आणि ते त्यांच्या मनात आलं नसेल याची मला खात्री नाही.

शेवटी मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवायचं ठरवलं. काही न विचारता कुणाचं पोट फाडावं तसं मला वाटलं. गाडी त्याच्या गॅरेजमध्ये पुढून उचलून ठेवली होती आणि तिच्या पोटातून काढलेला तो काळा, तेलकट गोळा बारदान्यावर उघडून मांडला होता. मिस्त्रीने आम्हाला मुद्दाम दाखवायला बोलावलं. चकचकीत दातेरी चाकं एकाला एक लागून रांगेत होती.

"पहा," तो म्हणाला. "गिअर सुटते म्हणजे दात घासले असतात. नाही तं आत गिअरले धरून ठेवणारी स्प्रिंग ढिली झाली असते. तिच्या जोरावरच गिअर जागी राहते. याचे दात तं पहा, एकदम टकाटक."

त्याने तरीही स्प्रिंग बदलली, नवं तेल भरलं, सगळं पुसून, जोडून, पुन्हा वर चढवलं. हे आणि तो मिळून चाचणी घेऊन आले, गिअर पक्का. घरी आल्यावर हे मला म्हणाले, "चाल, बस." मी बसले. पाळीवर टक्.

त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात गाडीचा विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. तिच्याकडे पूजा होती, दोघांनी यायचंच होतं. हे खाकरून म्हणाले, "गाडीनं जाऊ. पण रस्त्यात घोटाळा झाला तर मी का करू?"

"तुम्ही गाडीनं जा," मी म्हटलं. "मी बसनं येते."

मला वाटलं होतं, ते म्हणतील की मग मीही बसनेच येतो. ते म्हणाले, "बरं होईल. तुझी पिशवी गाडीत ठेव. कायले उचलून नेशील?"

असं मी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या गाडीतून पिशवी पाठवली आणि स्वतः एसटीने गेले. निघालो एकाच वेळी. मी स्टँडवर उभी, ते समोरून गेले, मला हात केला. माझ्या जागेवर माझी पिशवी बसली होती. तिलाही बेल्ट लावलेला होता की नाही ते दिसलं नाही.

बसमध्ये मला खिडकी मिळाली. कोहमारा गाव गेल्यावर, मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी जरा डुलकी काढली. जाग आली ती हॉर्नने. बसच्या शेजारून एक पांढरी छोटी गाडी सूं करून पुढे निघाली होती. आमच्यासारखीच दिसते, असं मला वाटलं, आणि मग मी आत माझी पिशवी पाहिली. हे बहुधा कुठेतरी चहाला थांबले असतील आणि आता भरपाई करत होते. खिडकीची काच खाली, केस उडत होते, एक हात दरवाजावर टेकलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव की हा माणूस नुकताच कॉलेजात दाखल झाला आहे. बसला मागे टाकून ते पार दिसेनासे झाले.

मी ताडकन सरळ होऊन बसले ती देवरी येईपर्यंत तशीच. आमची गाडी इतकी जोरात पळू शकते हे मला माहीतच नव्हतं. माझ्यासोबत ती कधी पळालेली नव्हती. आणि का पळालेली नव्हती हेही मला माहीत होतं. आयुष्यभर मी रस्त्यावर पडून आलेल्या लोकांच्या जखमा धुतल्या आहेत. त्यामुळे गाडीत बसले की गावाबाहेर पडता पडताच माझं सुरू होतं, "अहो, हळू." गाडीचा काटा तीसच्या वर गेला की मी पाय जमिनीत रोवते. हे बिचारे ऐकतात. मी बसले की तीस. मी नसले की हे असं.

बहिणीच्या घरी पोहोचले तर हे ओसरीवर बसून शेंगदाणे खात होते. बहीण माझ्याकडे पाहून म्हणाली, "काऊन व, भांडण झालं काय? भाऊजी गाडीनं अन् तू बसनं?"

"भांडण नाही," हे म्हणाले. "टेक्निकल प्रॉब्लेम आहे."

बहिणीने मला आत नेलं आणि पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकलं. ती हसत हसत खाली बसली. तिच्या हातातलं लाटणं गडगडत पलंगाखाली गेलं. मला तितकं हसू येत नव्हतं, कारण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. उपकेंद्रात एखादी बाई पोट दुखतं म्हणून आली तर मी आधी काय विचारायचे? केव्हा दुखतं, आणि तेव्हा तू काय करत असतेस? गाडीच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी फक्त गाडीत कोण आहे एवढंच विचारलं होतं. ती तेव्हा कशी चालत असते हे कुणी विचारलंच नव्हतं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच गॅरेजवर गेले. मिस्त्री एका मोटरसायकलपाशी बसला होता. मला पाहून उठला.

"मला एक सांगा," मी म्हटलं. "तुम्ही गाडी चेक करता तेव्हा किती जोरात नेता?"

"साठ, सत्तर. चढावर तं पाय दाबूनच नेतो. चेक करायचं राहते ना जी."

"आणि आमचे हे, मी सोबत असले की तीसनं नेतात. चढ असो की उतार."

"तीसनं? मंग दुसऱ्यात नाही तं तिसऱ्यात नेत असन."

"चौथ्यात," मी म्हटलं. "गाडी शिकवणाऱ्यानं त्यांना सांगितलं, वरचा गिअर म्हणजे पेट्रोल कमी. गाव सुटलं की चौथा पडतो आणि पुढचं गाव येईपर्यंत चौथाच असतो."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "तीसनं, चौथ्यात, चढावर." आणि आतल्या कुणाला तरी दुकान पाहायला सांगून तो माझ्यासोबत आमच्या घरी चालत आला.

ह्यांना त्याने काही कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही रोज नेता तशीच न्या. सिस्टर समोर बसतील. मी मागं बसतो. मले विसरून जा."

त्याला विसरणं सोपं नव्हतं, कारण तो आमच्या दोघांच्या सीटच्या मधून डोकं काढून दांडीकडे टक लावून बसला होता. त्याच्या अंगाचा ग्रीसचा वास पूर्ण गाडीत भरला होता. गाव सुटलं. चौथा पडला. गाडीचा काटा चाळीसकडे निघाला आणि मी सवयीने म्हटलं, "अहो, हळू." ह्यांनी पाय काढला. तीस. तलावाची पाळ समोर आली. ह्यांनी चढावर पाय दाबला, पण गिअर तोच ठेवला. गाडी धापा टाकल्यासारखी गदगदू लागली. माझे दात वाजायला लागले. आणि मी पहिल्यांदाच दांडीकडे नीट पाहिलं. गाईने शेपटीने माशा वाराव्यात तशी ती मागेपुढे हलत होती. एक हिसका, दुसरा हिसका, टक्. इंजिन किंचाळलं.

"थांबा, थांबा," मिस्त्री म्हणाला. "आता सिस्टर, तुम्ही उतरा."

ह्यांनी गाडी मागे खाली घेतली आणि मी पाळीच्या पायथ्याशी पळसाच्या झाडाखाली उतरले. त्याने ह्यांना सांगितलं, "सिस्टर गाडीतच बसून आहेत असं समजा. हळूच चालवा. चौथाच ठेवा."

मी नसताना मी असल्यासारखं चालवणं ह्यांना फार जड गेलं असावं, कारण गाडी आधी वळवून, मागे नेऊन, पुन्हा चढाला लागेपर्यंत बराच वेळ गेला. मी झाडाखाली उभी राहून कान देऊन ऐकत होते. तलावात बगळे उभे होते. एक म्हातारा बैल घेऊन चालला होता, तो थांबून मला म्हणाला, "का बाई, बसची वाट पाहून राहिली काय? येथं बस नाही थांबत." मी म्हटलं, "नाही, बाबा, आवाजाची." तो पुढे निघून गेला, मला काही म्हणाला नाही, बैलाला मात्र काहीतरी म्हणाला.

गाडी गदगदत वर चढत होती. आणि मग तो आवाज आला. टक् मला एवढ्या लांब ऐकू येणं शक्य नव्हतं, पण नंतरची किंचाळी आली, तलावावरून स्वच्छ आली, आणि बगळे उडाले. मी तिथे नसताना, माझा पदर, माझा मोबाईल, माझं वजन, काहीही गाडीत नसताना गिअर सुटला होता. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

गाडी खाली आली. हे काच खाली करून रस्त्याकडे बघत म्हणाले, "बस."

मी लगेच बसले नाही. पदर नीट केला, चपलेतला खडा काढला आणि मग बसले.

गॅरेजवर मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि ह्यांना आत बसवून सांगितलं, "ब्रेक पक्का दाबा. पहिला टाका आणि क्लच जरासाच सोडा." मला त्याने बाजूला उभं केलं. ह्यांनी क्लच सोडला तसं आतलं अख्खं इंजिन एका बाजूने उचललं गेलं, झोपेतून उठवल्यावर माणूस एका कोपरावर उठतो तसं. क्लच दाबला की पुन्हा जागेवर. मिस्त्रीने टॉर्च मारला. इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीत ज्या जाड रबरी ठोकळ्यांवर बसवलेले असतात, त्यांना तो फाउंडेशन म्हणतो. गिअरबॉक्सच्या बाजूच्या ठोकळ्याला आडवी चीर होती. इंजिन खाली असलं की चीर मिटून जायची, काही दिसायचं नाही. उचललं की तोंड उघडायची.

"हे पहा," तो म्हणाला. "चौथ्यात तीसनं चढावर नेली की इंजिन झटके मारते. झटका बसला की हे रबर फाकते, गिअरबॉक्स हलते आणि दांडीची रॉड ओढते. मंग गिअर बाहेर. जोरात चालवली तं झटकेच नाही लागत, तं सुटन कायले?"

मग त्याने मान खाजवली आणि हसत हसत म्हणाला, "आणि एक सांगू जी? गिअरबॉक्स उतरवला तवा हेच रबर मी हातात घेतलं होतं. फडक्यानं पुसलं आणि परत लावून देल्लं. एकदम छान पुसलं होतं."

मला तो तेव्हा फार आवडला. मी त्याला म्हटलं, "माझ्याकडून कितीदा ताप तपासताना थर्मामीटर उलटा धरला गेला असेल, ते मला विचारू नका." तो अजून हसला आणि दंडावर हात न्यायचा विसरला.

नवं फाउंडेशन गोंदियाहून मागवावं लागलं. ते सकाळच्या गाडीने एका पिशवीत आलं. माझ्या मुठीपेक्षा थोडं मोठं, काळं, साधं. इतके दिवस आरोपीच्या ज्या जागी मी उभी होते ती जागा याची होती. मिस्त्रीने गिअरबॉक्सखाली जॅक लावला, जुना ठोकळा काढला, नवा बसवला, बोल्ट कसले आणि हात पुसत म्हणाला, "चाला. पूर्ण फॅमिली बसा."

आम्ही तिघं पुन्हा पाळीवर गेलो. हे तीसनेच, चौथ्यातच चढले. गाडी तशीच गदगदली, पण दांडी जागेवर राहिली. ह्यांनी विजयाने मागे पाहिलं.

"साहेब," मिस्त्री मागून म्हणाला, "गिअर आता नाही सुटत. पण अशीच चालवली तं हेही रबर फाटन. एवढ्या हळू जायचं असन तं तिसरा टाकत जा."

"मंग पेट्रोल?"

"गाडीले धाप लागली की पेट्रोल जास्तच पेते जी."

ह्यांचा चेहरा पडला. गाडी शिकल्यापासून ज्या गोष्टीवर त्यांचा विश्वास होता ती अशी चढावर, मागच्या सीटवरून मोडली गेली. मला त्यांची दया आली. घरी येताना मी म्हटलं, "मोकळा रस्ता असला की मी पन्नासपर्यंत काही बोलणार नाही."

त्यांनी घराच्या फाटकाशी गाडी लावली, किल्ली काढली आणि मग म्हणाले, "मंग मी बी तीसवर आलो की तिसरा टाकतो." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतका साफ करार आमच्यात याआधी झालेला मला आठवत नाही.

पुढच्या वेळी देवरीला आम्ही एकत्र गेलो. बहिणीने चहा देता देता विचारलं, "भाऊजी, मंग सापडला काय तो टेक्निकल प्रॉब्लेम?"

हे पाय पसरून बसले. "अगं, मले पहिल्यापासूनच फाउंडेशनवर डाऊट होता," ते म्हणाले. मग त्यांनी इंजिन कसं उचलतं ते दोन्ही हातांनी दाखवलं, रबराची चीर बोटांनी दाखवली, दांडी कशी ओढली जाते ते पापडाच्या डब्याचं झाकण घेऊन दाखवलं. सगळं बरोबर सांगितलं. त्यात पोतं नव्हतं, पदर नव्हता, मी तर कुठेच नव्हते. बहीण माझ्याकडे बघत होती, मी चहाकडे बघत होते. ते इतकं छान समजावून सांगत होते की मधे बोलायचं मला जिवावर आलं.

परत येताना जंगलातल्या त्या लांब चढावर रस्त्याच्या कडेला दोन बाया टोपल्यांमध्ये सीताफळं घेऊन बसल्या होत्या. ह्यांनी आपणहून गाडी थांबवली, मोठी मोठी निवडून घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मग त्यांनी हँडब्रेक सोडला, गाडी सुरू करून पुढे न्यायला गेले आणि ती एक हिसका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. टोपलीवाल्या बाया बघायला लागल्या.

"आता का झालं?" ते म्हणाले. "क्लच गेला काय?"

मी दांडीकडे पाहिलं. ती तिसऱ्यात होती.

"पहिला टाका," मी म्हटलं आणि एक सीताफळ फोडलं.